चार खोकी आणि एक खुर्ची

माझं माहेर धनजचं. लग्न होऊन शेलूबाजारला आले, त्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की या घरात रोज संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतात. आम्ही जैन, त्यामुळे जेवणं सूर्य मावळायच्या आत होत. शेवटचं ताट उचललं की सासूबाई पदराला हात पुसत उठायच्या, दार ओढायच्या, कडी घालायच्या आणि म्हणायच्या, "लागला आता तो."

तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा.

घर लांबुळकं होतं. रस्त्याला लागून कापडाचं दुकान, दुकानामागे मधली खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मग परस. मधल्या खोलीत यांचा रेकॉर्ड प्लेअर, स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि चार लाकडी खोकी होती. स्पीकर हा शब्द घरात कुणी वापरत नसे, सगळे खोकंच म्हणायचे. दोन खोकी समोर, दुकानाच्या भिंतीशी. मागच्या दोनांपैकी एक स्टुलावर, आणि दुसऱ्याला जागा नव्हती म्हणून ते स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या झरोक्यात बसवलेलं. त्या खोक्याला पाठ नव्हती. फळी आणून ठोकायची राहिली होती ती राहिलीच. त्यामुळे जेवढा आवाज खोलीत जाई तेवढाच इकडे, माझ्या डोक्यावर, भांड्यांच्या मांडणीवर येऊन पडे.

इंग्रजी गाणी मी अगदीच ऐकली नव्हती असं नाही. अमरावतीला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या रेडिओवर कानावर पडायची. पण हे निराळंच होतं. झांजांची सळसळ यायची. गिटारचा एखादा सूर भिंतीला घासत गेल्यासारखा यायचा आणि मध्येच नाहीसा व्हायचा. लोकांच्या टाळ्या यायच्या. आणि कुणीही गात नसे. खोलीत कुणी ओरडून निघून गेल्यावर मागे जो घुमारा राहतो, तेवढा फक्त ऐकू यायचा. मला वाटलं, यांना आवडतं ते संगीत असंच असेल, बिनमाणसाचं. राखेने भांडी घासता घासता ते ऐकलं की उगाचच जीव खालीवर व्हायचा. कुणी तरी यायचं आहे आणि येत नाही, असं काहीसं.

हे स्वतःही तसेच होते. मुंबईला समाजाच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. झालेले. तिथेच एका मित्राच्या घरी त्यांना या रॉक संगीताचं वेड लागलं. मित्राचे काका जहाजावर नोकरीला होते, ते रेकॉर्डी आणायचे. पुढे थोरले दीर वेगळे होऊन वाशीमला गेले आणि हे ट्रंक उचलून घरी परतले, ते दुकानात बसायला लागले. बसायला म्हणायचं एवढंच. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना यांचा एक पाय हलत असे. जेवताना दोनदा उठायचे, एकदा पाणी घ्यायला आणि एकदा काहीच नाही म्हणून. नागपूरचा ट्रक गेला की दाराशी जाऊन बघायचे, औरंगाबादचा आला की पुन्हा. आमच्या दारावरून सगळं जग जायचं आणि थांबायचं नाही. मलाही त्याचा त्रास व्हायचा, पण मी सून होते. मी दाराशी जाऊन उभी राहू शकत नव्हते.

त्या ट्रकांनी एक वेगळाच घोटाळा केला होता. मोठा ट्रक गेला की जमीन हादरायची आणि रेकॉर्डवरची सुई उडायची. यांनी प्लेअरखाली गोणपाट घातलं, कापसाची गादी घातली, तरी सुई उडायचीच. एका रविवारी मी परसातून आत आले तर हे स्टुलावर चढून छताच्या तुळईला दोर बांधत होते. दोराला फळी, फळीवर प्लेअर. आता जमीन हादरली तरी प्लेअर हादरणार नव्हता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तुळईला एकच आकडा होता.

"तो आकडा पाळण्याचा हाय," त्या म्हणाल्या. "तू त्याले हे टांगून राह्यला काय रे?"

"पाळणा लागंल तवा काढून देतो ना, आई."

"तिथं तबकडी फिरून राह्यली, तर पाळणा कायले येईल?"

हे हसले. मी हसू शकले नाही. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी तांदळाचं सूप माझ्या हातात दिलं ते जरा जोरात.

लग्नाला सहा-सात महिने झाले असतील. सासूबाई शिरपूरच्या देवळात दर्शनाला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या बसने येणार होत्या. त्या संध्याकाळी दाराला कडी नव्हती. यांनी रेकॉर्ड लावली आणि मला हाक मारली.

"अवं, इकडं ये जरा. बस इथं."

खोलीच्या बरोबर मध्यावर एक लाकडी खुर्ची होती. तिच्या चार पायांच्या जागी फरशीवर खडूने खुणा केलेल्या. त्या खुर्चीत फक्त हे बसायचे. घरात दुसरं कुणी बसत नसे, तशी कुणाला इच्छाही नव्हती.

"मी? खुर्चीवर?"

"कायले भेऊन राह्यली? बस."

मी पदर सावरून बसले. सुई टेकली, ओळखीची सळसळ मागून आली, ओळखीचा गिटारचा सूर आला. हे गाणं मला पाठ होतं, कुठे टाळ्या येतात तेही ठाऊक होतं. आणि तेवढ्यात समोरून, दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, एक पुरुष गायला लागला. इतका जवळून, की मी खुर्चीत मागे सरकले.

"हा कोन?"

"कोन म्हंजे? गाणारा."

"एवढे दिवस कुठं होता हा?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना माझं बोलणं कळेना आणि मला त्यांचं न कळणं कळेना. मग मी सांगितलं, स्वयंपाकघरात माणूस ऐकूच येत नाही. कुणी गातं हेच मला माहीत नव्हतं.

यांनी सुई उचलली. मग पहिल्यांदा त्यांनी मला ती भानगड समजावून सांगितली, हातवारे करत, खोलीत येरझारा घालत. बाहेरच्या देशांत म्हणे आता चार दिशांनी वाजणाऱ्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, क्वाड्राफोनिक. पुढून दोन आवाज, मागून दोन, आणि ऐकणारा मधोमध. अशी एक रेकॉर्ड मित्राने यांना दिलीही होती. पण ते चार आवाज सुटे करायला एक वेगळं यंत्र लागतं, ते यांच्याकडे नव्हतं. म्हणून यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलेली युक्ती केली होती. मागच्या खोक्यांना नेहमीसारखी जोडणी न देता डाव्या आणि उजव्या बाजूच्या फक्त प्लसच्या तारा जोडल्या होत्या.

"मंग काय होते," हे म्हणाले, "दोन्हीकडं जे सारखं हाय ते मागं येतच नाई. दोघांत जो फरक हाय, तेवढाच मागं येते. गाणारा मधी उभा हाय, म्हंजे दोन्हीकडं सारखा. तो कटून जाते."

"म्हंजे मी एवढे दिवस फरकच आयकून राह्यले?"

ते थांबले. येरझारा पण थांबल्या. मग अ‍ॅम्प्लिफायर तसाच चालू ठेवून स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि मला आतूनच ओरडून सांगितलं, "लाव!"

मी आयुष्यात पहिल्यांदा सुई टेकवली. अंदाज चुकला आणि सुई दुसऱ्याच गाण्यावर पडली. ते गाणं संपेपर्यंत मी खुर्चीत बसले होते आणि हे आत, चुलीजवळच्या पाटावर. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे आयकत होती तू? रोज?"

"हो."

"लय उदास हाय हे."

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. लग्नाला निम्मं वर्ष उलटून गेलं होतं, पण नवराबायको म्हणून आम्ही बोलत होतो ते दळण, दुकान, पाहुणे एवढंच. आता हे मला खुणेने बोलवायचे. कडी घालायच्या आधी मी कसली तरी वस्तू आणायच्या निमित्ताने मधल्या खोलीत जायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि सांगायची, "डाव्या बाजूचं मागचं कमी येऊन राह्यलं." माझा कान यांच्यापेक्षा बरा निघाला. हे खोकं बोटभर सरकवायचे, मी मान हलवायची. सासूबाईंनी हे पाहिलं होतं. एकदा त्या मामंजींना म्हणाल्या, "एक कमी होता, आता दोघं झाले."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फार बोलणारे नव्हते. दुकान बंद करून ओट्यावर बसायचे, जप करायचे. आत गिटार किंचाळत असली तरी त्यांनी कधी 'बंद कर' म्हटलं नाही. उलट आम्हालाच त्याचं दडपण वाटायचं. रागावले असते तर बरं, असं हे म्हणायचे.

पण खोकी जसजशी जागेवर येत गेली तसतसे हे जास्तच बेचैन होत गेले. एक रेकॉर्ड पूर्ण ऐकत नसत. अर्ध्यावर उठायचे, तार बदलायचे, पुन्हा पहिल्यापासून लावायचे. खोकी तिरपी केली, उंच केली, एकदा पोत्यांनी भिंती झाकल्या. "हे खरं नाई," हे म्हणायचे, "हे जुगाड हाय. खरं कसं वाजते ते एकदा आयकलं पाह्यजे." आणि ती हुरहुर मलाही लागली. दुपारी अंथरुणावर पडले की डोळे मिटून मी बाहेरचे आवाज मोजत बसे. एस.टी. मंगरूळच्या बाजूने आली की अकोल्याच्या, जीपवाला कुठल्या कोपऱ्यावर ओरडतो आहे, बाजाराच्या दिवशी बैलाच्या गळ्यातली घंटा कुठून कुठे गेली. झोप लागायची नाही.

पाळण्याचा विषय घरात वाढत होता. शेवटी सासूबाईंनीच ठरवलं की आम्ही दोघांनी अकोल्याला लेडी डॉक्टरकडे जाऊन यावं. जायच्या आदल्या दिवशी यांनी माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत, ती चार दिशांची रेकॉर्ड ठेवली. मुंबईच्या मित्राचे मेहुणे इंजिनिअर होते, जर्मनीत काही वर्षं काढून अकोल्याला परतले होते. त्यांच्याकडे खरा संच होता. मित्राने त्यांना आधीच कळवून ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी तपासलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, सगळं ठीक आहे, घाई करू नका. तिथून आम्ही सायकलरिक्षाने त्या इंजिनिअरांच्या घरी गेलो. माणसं फार चांगली. त्यांच्या बायकोने पोहे केले. मी हळूच विचारलं, कांदा आहे का? तर त्यांनी पुन्हा वेगळे केले. दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत माणसाच्या कमरेएवढी चार खोकी होती, काळी, चकचकीत, आणि मधे लांब सोफा. इंजिनिअरांनी रेकॉर्ड कापडाने पुसली, एका चपट्या यंत्राचं बटण दाबलं आणि आम्हाला सोफ्याच्या मध्यावर बसवलं.

सुरू झालं आणि मी यांचा हात धरला, परक्यांसमोर. गिटार डाव्या कानाशी सुरू झाली, मागून फिरली आणि उजवीकडून पुढे आली. ढोल पाठीत वाजला. गाणारा समोर होता, पण त्याला साथ देणारे आणखी कुणी कुणी आमच्या पाठीशी उभे होते, अगदी माना वळवून बघावं इतके खरे. आमच्या घरी जे नुसतं सळसळत होतं, त्याला इथे हातपाय फुटले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी यांच्याकडे पाहिलं.

यांचा पाय हलत होता. नजर खिडकीबाहेर होती. गाणं अर्ध्यावर असतानाच हे उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. इंजिनिअरांना वाटलं, काही चुकलं.

"आवाज कमी करू का?"

"नाही नाही, फार छान आहे," हे म्हणाले. शहरी माणसांसमोर हे असं पुस्तकी बोलायचे. "खरंच छान आहे."

परतीच्या बसमध्ये हे एक शब्दही बोलेनात. बार्शीटाकळी गेली तरी नाही. रेकॉर्ड माझ्या मांडीवर होती. शेवटी मीच विचारलं.

"काय झालं? तुमाले आवडलं नाई?"

"आवडलं ना."

"मंग उठले काहून?"

यांनी खिडकीचा गज धरला. मग म्हणाले, "मले वाटे, एकदा खरं आयकलं की जीव शांत होईल. आयकलं. आवाज सगळा बरोबर होता. अन् मी तसाच." पुढे म्हणाले, "मले दुकानात बसनं होत नाई. आल्या दिवसापासून होत नाई. मी खोकी सरकवून राह्यलो."

मला वाटलं होतं, मला धक्का बसेल. बसला नाही. मी म्हटलं, "मलेही शेलूबाजारात राहनं होत नाई. पन मी कोनाले सांगू?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसायलाच लागलो. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न उरला. मामंजींचा थोरला मुलगा आधीच वेगळा झालेला. धाकटाही निघाला तर म्हातारपणी दुकानात कोण? यांनी पुष्कळ दिवस काढले. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज दुपारी काही तरी कारण निघायचं. मग एक दिवस, दुकानात गिऱ्हाईक नसताना, यांनी बोलायला सुरुवात केली. मी मधल्या खोलीच्या पडद्यामागे होते. हे पॉपलिनचा एक तागा उलगडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते.

"बाबूजी, मले पुण्याले नोकरी पाह्याची हाय. अ‍ॅम्प्लिफायरच्या कारखान्यात."

मामंजींनी चष्मा काढला. "पाह्य ना."

"दुकानाचं काय?"

"दुकानाचं काय? तुले मी बोलावलं होतं काय?"

यांनी तागा पुन्हा उलगडला.

"तुझा भाऊ गेला," मामंजी म्हणाले, "तवा मले वाटलं, आता दुकान आवरतं घ्याव. तेवढ्यात तू ट्रंक घेऊन उतरला. मी म्हटलं, पोराले मुंबई मानवली नाई वाटते. इचारलं नाई. तुले वाईट वाटंल म्हणून."

"मले वाटलं, तुमाले गरज हाय."

"मले वाटलं, तुले गरज हाय," मामंजी म्हणाले. "अन् तो तागा ठेव खाली. घडी मोडून राह्यली त्याची."

यांनी तागा ठेवला नाही. तसाच छातीशी धरून आत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि पुन्हा बाहेर गेले.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मामंजींनी दुकान वाशीमच्या दिरांच्या मेहुण्याला चालवायला दिलं आणि स्वतः सकाळी दोन तास जाऊन बसायचं ठेवलं. सासूबाई निघताना रडल्या. पुढचे काही महिने त्यांनी आमच्याशी नीट बोलणं टाकलंच होतं, ते मुलगी झाल्यावर सुरू केलं.

मी जर असं सांगितलं की पुण्याला जाऊन हे शांत झाले, तर ते खरं होणार नाही. पहिली नोकरी यांनी वर्षभर केली. मग दुसरी. मग भागीदारीत दुरुस्तीचं दुकान, तेही सोडलं. मी बी.एड. केलं आणि शाळेत लागले, म्हणून घर चाललं. भांडणंही झाली. पण आता यांना दुसऱ्या कुणासाठी एका जागी बसून राहायचं नव्हतं, आणि मला स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडता येत होतं. आमच्या दोन खोल्यांत चार खोकी मावत नव्हती, तरी आम्ही ती कशीबशी लावली. दोन तर कपाटावर होती.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास मामंजी पहिल्यांदा पुण्याला आले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवण झाल्यावर, ते म्हणाले, "लाव ना तुझं ते. इतकी वर्षं भिंतीआडून आयकलं. एकदा समोरून आयकू दे."

हे चपापले. मग रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. मामंजी खुर्चीवर मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि ती अख्खी बाजू, शेवटच्या गाण्यापर्यंत, त्यांनी हात न हलवता ऐकली. जपाला बसायचे तसेच. हे मात्र दुसऱ्या गाण्यालाच गॅलरीत निघून गेले होते.

सुई उचलली गेल्यावर मामंजींनी विचारलं, "हा जो गाऊन राह्यला, त्याले दुःख काय हाय?"

"माहीत नाई, बाबूजी," हे बाहेरूनच म्हणाले. "शब्द मलेही नीट समजत नाईत."

"आँ? इतकी वर्षं आयकून राह्यला, अन् समजत नाई?" मामंजी मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मुलगी दचकून माझ्या कडेवर चढली. मग त्यांनी डोळे पुसले, टोपी पुन्हा गुडघ्यावर नीट ठेवली.

"दुसऱ्या बाजूले बी काही असंल ना?"

"हाय ना."

"मंग लाव."

यांनी आत येऊन बाजू पलटली, सुई टेकवली, आणि पुन्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल पंक्चर झाली होती, ती बघत.